अंधारात घोडं चालवायचं आणि अंधारासाठी तयार करायचं कसं

जत, आटपाडी, माण, खटाव या सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात ज्यांच्याकडं घोडं आहे त्यांना उन्हाचं वेगळं सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या आसपास जातोय आणि सकाळी नऊला माळ तापायला लागतोय, त्यामुळं घोड्याला खरा व्यायाम द्यायचा तर पहाटे फटफटायच्या आधी बाहेर पडायचं, नाहीतर दिवस मावळल्यावर. हिवाळ्यात उलटं, सकाळी सात वाजेपर्यंत सूर्यच वर येत नाही आणि नोकरी-धंदा करणाऱ्या माणसाला आठला घरी पाहिजे असतंय. म्हणजे बारा महिन्यांतलं बरंचसं काम अंधारातच होतंय. पण दिवसा घोडं कसं शिकवायचं हे सांगणारे दहा जण भेटतात, अंधारातलं कुणी नीट सांगत नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. अंधारात घोड्याला दिसतंय, आंधळे आपण असतो. जमिनीवरच्या प्राण्यांत घोड्याचा डोळा आकारानं सगळ्यात मोठ्या डोळ्यांपैकी एक आहे, आत मंद उजेड टिपणाऱ्या पेशी भरपूर असतात आणि पडद्याच्या मागं एक चकाकणारा थर असतोय. रात्री गाडीच्या लाईटमध्ये घोड्याचे किंवा म्हशीचे डोळे चमकताना बघितलेत ना, तो हाच थर. डोळ्यात शिरलेला उजेड पेशींवरनं एकदा जातोय, मग या थरावर आपटून परत एकदा जातोय, म्हणजे तेवढ्याच उजेडाचा दोनदा वापर होतोय. माणसाच्या डोळ्यात हा थर नाहीच. नुसत्या चांदण्यांच्या उजेडात जिथं तुम्हाला काळं ढेकळं दिसतंय तिथं घोड्याला बांध, चर, वाट वेगवेगळी दिसत असतंय. बारीक तपशील त्याला आपल्यापेक्षा कमी दिसतो हे खरं, पण पाय कुठं टाकायचा हे ठरवायला तेवढा तपशील लागत नाही.

आता याची दुसरी बाजू, आणि सगळे घोळ इथंच होतात. हा डोळा अंधाराला सरावायला वेळ घेतोय, माणसाच्या डोळ्यापेक्षाही जास्त. आपल्याला वीस-तीस मिनिटं लागतात, घोड्याला अर्धा ते पाऊण तास धरून चाला. तबेल्यात ट्यूबलाईट लावायची, खरारा करायचा, खोगीर कसायचं आणि लगेच दार उघडून काळ्या अंधारात घोडं बाहेर काढायचं, मग ते दारातच अडलं की म्हणायचं हे भित्रं आहे. ते भित्रं नाही, त्याला त्या घटकेला खरंच काही दिसत नाही. म्हणून पहाटे जायचं असेल तर सगळं सामान रात्रीच एका जागी लावून ठेवा, तबेल्यातला मोठा दिवा लावूच नका, फार तर बारका लाल दिवा ठेवा कारण लाल उजेडानं अंधाराला सरावलेला डोळा कमी बिघडतो, आणि खोगीर चढवून झालं की घोड्याला अंगणात पंधरा-वीस मिनिटं हातानं फिरवून मगच बसा. संध्याकाळी जायचं असेल तर याहून सोपं, उजेड असतानाच निघा. दिवस मावळत जाईल तसा डोळा आपोआप सरावत जातोय, त्यामुळं नवीन घोड्याची पहिली रात्र नेहमी संध्याकाळच्या बाजूनं सुरू करा, पहाटेच्या बाजूनं नको.

याच कारणासाठी डोक्याला लावायची बॅटरी घालून घोड्यावर बसू नका. तुम्ही जिकडं मान वळवाल तिकडं उजेडाचा गोळा पळतोय, त्याच्या बाहेर सगळं अजूनच काळं होतंय, सावल्या नाचतात, आणि घोड्याच्या डोळ्यांनी अर्धा तास खपून जमवलेलं एका झटक्यात जातंय. उजेड आपल्याला बघण्यासाठी नसतोय, दुसऱ्याला आपण दिसावं म्हणून असतोय. म्हणजे रानात, माळावर, पाणंदीत बॅटरी खिशात, आणि डांबरी लागली की मागं कमरेच्या पट्ट्याला लाल बारकी लाईट, पुढं एक पांढरी, आणि दोन्ही स्थिर, लुकलुकणाऱ्या नकोत. लुकलुकत्या लाईटमुळं गाडीवाल्याला अंतराचा अंदाज येत नाही आणि घोड्यालाही त्रास. अंगात चकाकणारं जाकीट आणि घोड्याच्या चारी पायांना घोट्याच्या वर चकाकणाऱ्या पट्ट्या बांधा. पायांना का, तर हलणारी चमक ड्रायव्हरला लांबनं ओळखू येते की हा प्राणी चालतोय, नुसती छातीवरची चमक म्हणजे त्याला दगडाचा खांब वाटू शकतो.

कुठलं घोडं न्यायचं हा पुढचा प्रश्न. दिवसा जे ट्रॅक्टरला, पिशवीला, कुत्र्याला बुजतंय ते रात्री शहाणं होणार नाही, ते आधी दिवसा पक्कं करा. मग डोळे तपासा. संध्याकाळी कातरवेळी ओळखीच्या दारात एक बांबू जमिनीवर आडवा टाका आणि घोड्याला सैल दोरीनं त्यावरनं न्या. दिवसा अलगद पाय उचलणारं घोडं कमी उजेडात रोज ठेचकाळत असेल, गोठ्याच्या खांबाला घासत असेल तर डॉक्टरला दाखवा. डोळ्यातनं सारखं पाणी येणं, उजेडात डोळा बारीक करणं, बुबुळावर निळसर धुरकट झाक येणं ही डोळ्याच्या आतल्या सुजेची लक्षणं आहेत आणि तो आजार परत परत उलटतोय, त्यात रात्रीची राईड बंद म्हणजे बंद. अंगावर बिबट्यासारखे ठिपके असलेल्या काही विदेशी जातींच्या घोड्यांत जन्मतःच रातांधळेपणा येतो, असलं ठिपक्याचं घोडं कुणी हौसेनं घेतलं असेल तर त्यानं ही बांबूची परीक्षा घेतल्याशिवाय अंधारात बसूच नये.

सामानाचं बोलायचं तर पहिल्यांदा जेरबंद, म्हणजे तोंडापासनं खाली पोटपट्ट्याला बांधलेला पट्टा, काढून ठेवा. आपल्याकडं घोड्याची मान वर कमानीत दिसावी म्हणून जेरबंद आवळायची लई हौस. पण घोड्याला जवळची जमीन बघायला मान खाली घालावी लागते आणि लांबचं बघायला वर करावी लागते, ती मोकळीक अंधारात नसेल तर तुम्ही त्याचे डोळेच बांधल्यासारखं आहे. टांग्याच्या घोड्याला लावतात ती झापडं पण खोगीराखाली नकोत. आणि तोंडावरचे लांब राठ केस कापू नका ओ, हात जोडून सांगतो. वरातीसाठी, प्रदर्शनासाठी तोंड गुळगुळीत दिसावं म्हणून ते कापतात, पण घोड्याला नाकासमोरचं आणि तोंडाखालचं दिसत नाही, तिथं तो या केसांनी चाचपतोय. अंधारात तारेला तोंड लागायच्या आधी हे केस त्याला सांगतात. आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघानं तर १ जुलै २०२१ पासून हे केस कापलेल्या घोड्यांना स्पर्धेतच बंदी केलीय.

स्वारानं डोक्याला घोडेस्वारीचंच हेल्मेट घालावं. मोटारसायकलचं हेल्मेट कान झाकतंय आणि अंधारात निम्मं काम कानानं करायचं असतंय. पायात टाचेचा बूट पाहिजे, चप्पल घालून रिकिबीत पाय अजिबात नको, पडलात आणि पाय अडकला तर अंधारात सोडवणारं कुणी नसतंय. घोड्याच्या गळ्यात एक साधा चामड्याचा किंवा सुती पट्टा बांधा. घोडं अचानक दचकलं तर तो पट्टा धरायचा, लगाम नाही. कारण अंधारात माणूस तोल सावरायला लगामाला लोंबकळतो, कडियाळ, म्हणजे तोंडातली लोखंडी कडी, जोरात बसतंय, घोड्याला वाटतंय काहीतरी भयंकर आहे म्हणूनच मालकानं ओढलं, आणि मग ते खरंच उधळतंय.

आता शिकवायला सुरुवात. पहिला आठवडा बसायचंच नाही, नुसतं मोरखी, म्हणजे तोंडावर बांधायची दोरी, आणि लांब दोरी. रात्री जेवण झाल्यावर घोड्याला बाहेर काढायचं, तबेल्याच्या भोवती, मग वस्तीच्या कडेनं, मग पाणंदीच्या तोंडापर्यंत. तुम्ही त्याच्या खांद्याच्या बाजूला चालायचं, पुढं जाऊन ओढायचं नाही, थेट समोर उभं राहायचं नाही. ते थांबून कान टवकारून बघायला लागलं तर तुम्हीही थांबा, बघू द्या. मान वर करेल, फुरफुरेल, मग एक मोठा श्वास सोडेल आणि मान खाली येईल, तेव्हा चला म्हणायचं. घोड्याला जवळजवळ ३५० अंशातलं दिसतंय, तुमच्या मागं काय चाललंय तेही तो बघत असतोय, त्यामुळं कारण नसताना थांबला असं समजू नका. कारण असतंय, तुम्हाला दिसत नाही एवढंच.

याच आठवड्यात आवाज पक्का करा. दिवसा घोडं तुमच्या अंगावरनं, हातावरनं बरंच ओळखतंय, रात्री तुम्ही त्याच्या शेपटीमागनं गुपचूप गेलात तर लाथ खाणार. अंधारात अंगाला हात लावायच्या आधी तोंडानं बोला, मग मानेवर हात ठेवा, तिथनं हात न उचलता पाठीवरनं मागं जा. शब्द तीनच ठेवा, चल, थांब आणि एक शांत करायचा, कुणी हो हो म्हणतात, कुणी बस्स बाळा म्हणतात, काहीही चालेल पण घरातल्या सगळ्यांनी तोच शब्द आणि त्याच सुरात म्हणायचा. शिट्ट्या आणि ओरडणं बंद. दिवसा या शब्दांवर घोडं नुसत्या आवाजानं थांबायला लागलं की ते रात्रीसाठी तयार व्हायला लागलं असं समजा.

वाट निवडणं हे मात्र सगळ्यात मोठं काम आणि ते दिवसा करायचं असतंय. ज्या वाटेनं रात्री जाणार ती वाट त्याच आठवड्यात दिवसा चालून बघा, जाताना आणि येताना दोन्ही बाजूंनी, कारण जाताना डाव्या अंगाला दिसलेला दगड येताना उजव्या अंगाला वेगळाच दिसतोय आणि घोडं त्याला नवीन वस्तू समजून बुजू शकतंय. महिन्यापूर्वी बघितलेली वाट चालत नाही, आपल्याकडं रान रोज बदलतंय. बिनकठड्याच्या विहिरी आटपाडी-जतच्या माळावर जागोजागी आहेत, त्यांच्याजवळनं जाणारी वाटच घेऊ नका, लांबचा वळसा पडला तरी चालेल. शेततळं त्याहून वाईट. आत प्लास्टिकचा कागद असतोय, चांदण्यात पाणी चमकतंय, घोडं तहानलेलं असलं तर तिकडं ओढ घेतंय आणि एकदा पाय घसरला की त्या गुळगुळीत कागदावरनं त्याला वर येता येत नाही. तासगाव, पलूस, मिरज बाजूला द्राक्षबागा आहेत, तिथं बागेच्या कडेला मांडवाचे अँगल ओढून धरणाऱ्या ताणाच्या तारा तिरक्या जमिनीत रोवलेल्या असतात आणि त्या नेमक्या वाटेच्या कडेला येतात, घोड्याच्या छातीच्या किंवा गुडघ्याच्या उंचीला. बारीक तार घोड्यालाही रात्री दिसत नाही, एवढ्या चांगल्या डोळ्याला पण तार चुकवता येत नाही हे लक्षात ठेवा. बागेच्या कडेनं जायचंच असेल तर उतरून, हातात दोरी धरून. मग झटका मशीनच्या तारा, डुकरं येऊ नयेत म्हणून लावलेल्या. त्याच्या शॉकनं घोडं मरत नाही पण तुम्हाला टाकून पळतंय. आणि काही ठिकाणी लोक थेट लाईनचा करंट सोडतात, ते बेकायदा तर आहेच आणि जीवघेणं आहे, म्हणून ज्यांच्या रानाकडनं जाणार त्यांना आधी भेटून विचारा, लाजू नका. भेटलं की दुसराही फायदा होतो. रात्रपाळीच्या लाईटवर पाणी पाजायला माणसं रानात असतात, अंधारात टापांचा आवाज आला की ते थेट तोंडावर बॅटरी मारतात. आधी ओळख असली तर लांबनंच हाक मारता येते, ‘अहो आण्णा, बॅटरी खाली धरा, घोडं आहे.’ गळ्यात एखादं बारकं घुंगरू असलं तरी चालतंय, माणूस दचकत नाही.

पसरलेल्या ठिबकच्या नळ्या, उसाच्या सऱ्या, नांगरट केलेलं रान हे सगळं टाळा. पांढऱ्या मुरमाची किंवा तांबड्या मातीची रुंद वाट सगळ्यात बरी, ती चांदण्याशिवायसुद्धा दिसते.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी बघून वेळ ठरवा. संध्याकाळी बसणाऱ्यांनी शुद्ध अष्टमीपासनं पौर्णिमेपर्यंतचे दिवस घ्यावेत, दिवस मावळतोय तेव्हा चंद्र वर असतोय किंवा पौर्णिमेला समोरनं उगवतोय. पहाटे बसणाऱ्यांना याचा उपयोग नाही, शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीलाच मावळतोय. त्यांनी वद्य प्रतिपदेपासनं साधारण वद्य दशमीपर्यंत बघावं, वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्री उगवतोय आणि पहाटे पाचला चांगला डोक्यावर असतोय. डोक्यावरचा चंद्र चांगला, क्षितिजावरचा नाही, कारण चंद्र खाली असला की बाभळीच्या सावल्या वाटेवर लांब आडव्या पडतात आणि नवीन घोडं त्यांना चर समजून उडी मारतंय. अमावस्येच्या आसपास नवीन घोडं काढू नका, पण तयार झालेल्या घोड्याला काळ्या रात्रीचीही सवय द्या. धुक्यात मात्र कधीच नको. डिसेंबर-जानेवारीत कृष्णाकाठाला पहाटे असं दाट धुकं उतरतंय की बॅटरी लावली तर उजेड उलटा आपल्याच डोळ्यात येतोय, आणि पावसाळ्यात पाटण-महाबळेश्वरकडं तर दिवसाही तीच तऱ्हा.

आता बसायचं. मांड नेहमीपेक्षा जरा खोल, टाचा खाली, खांदे सैल आणि नजर वर. अंधारात सगळे नवशिके घोड्याच्या पायाकडं बघतात, त्यानं तुमचं वजन पुढं जातंय आणि घोड्याचे पुढचे पाय जड होतात, ठेचकाळायचं कारण तेच. लांब बघा, आणि ज्या गोष्टीकडं बघायचंय तिच्या थेट नाही तर जरा बाजूला बघा. आपल्या डोळ्याच्या अगदी मधोमध मंद उजेडाच्या पेशी नसतात, कडेला असतात, म्हणून थेट बघितलं की दगड गायब होतोय आणि बाजूला बघितलं की दिसतोय. घरी अंगणात करून बघा, पटेल.

लगाम एवढा सैल की घोड्याला वाटलं तर नाक गुडघ्यापर्यंत खाली नेता यावं. हात शांत, दोन्ही हात मानेच्या पुढं-मागं चालीबरोबर जाऊ द्या. चढाला थोडं पुढं झुका, उताराला सरळ बसा आणि लगाम अजून सोडा. उतारावर घोडं थांबून जमीन हुंगतंय, एक पाय पुढं टाकून चाचपतंय, तेव्हा टाच मारायची नाही. यवतेश्वरच्या किंवा दंडोबाच्या बाजूला उतरताना जो स्वार लगाम ओढून घोड्याला सावरायला जातो तोच घोड्याला पाडतो, कारण तुम्हाला दगड दिसत नाही आणि ज्याला दिसतोय त्याची मान तुम्ही धरून ठेवलीय. ओढा-नाला लागला तर थांबा, त्याला पाण्याकडं बघू द्या, अंधारात पाणी किती खोल ते त्यालाही कळत नाही. दिवसा पार केलेलाच उतार घ्या, नवीन नको.

चाल कुठली? पहिले काही आठवडे फक्त कदम, म्हणजे सावकाश चालणं. मग ओळखीच्या सपाट पट्ट्यावर दुडकी, तीही घोडं स्वतः मागायला लागलं तर. रवाल चालणारं घोडं असेल तर रात्री त्याच्यासारखं सुख नाही कारण पाठ हलत नाही आणि तुमचा तोल बिघडत नाही. भरधाव पळवायचं काम फटफटल्यावर. पहाटे लवकर बाहेर पडून अंधारात तासभर चालवून अंग गरम करायचं आणि तांबडं फुटलं, वाट स्वच्छ दिसायला लागली की पळवायचं, मग परत घराकडं चालत. शर्यतीचं घोडं तयार करणाऱ्यांना हा बेत सगळ्यात सोयीचा, उजेड व्हायला लागल्यापासनं सूर्य वर येईपर्यंत आपल्याकडं जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं मिळतात आणि खरं जोराचं काम तेवढंच पुरतंय. अंधारात घोडं पळतंय म्हणून व्हिडिओ टाकणारे बघतो तेव्हा पोटात गोळा येतो, एक खड्डा आणि घोड्याचा पाय मोडला तर पुढं काय होतंय हे सगळ्यांना माहितीय.

घोडं बुजलं तर आधी तुमचा श्वास सोडा, मोठ्यानं, त्याला ऐकू जाईल असा. तुमची मांडी आवळली की त्याला खात्री पटते की धोका आहे. गळपट्टा धरा, ठरलेला शब्द बोला, आणि पळायला बघत असेल तर एकाच बाजूचा लगाम हळूहळू जवळ घेऊन मोठ्या गोलात वळवा, दोन्ही लगाम एकदम खेचू नका. शांत झालं की त्या वस्तूकडं तोंड करून उभं करा, लांबनंच. युरियाचं रिकामं पोतं, ताडपत्री, पाखरं हाकलायच्या चकाकत्या पट्ट्या, द्राक्षबागेतला ब्लोअर, या गोष्टी रात्री वेगळ्या दिसतात आणि वेगळ्या ऐकू येतात. चाळकेवाडीच्या किंवा ढालगावच्या पवनचक्क्यांखालनं नेणार असाल तर आधी लांबनं रोज थोडं थोडं जवळ न्या, चांदण्यात त्या पात्यांच्या सावल्या जमिनीवरनं सरकतात आणि वरनं घोंगावतंय, जातिवंत घोडं पण पहिल्यांदा हबकतंय. जवळ जाण्यासाठी मारू नका. आज पन्नास फुटांवरनं शांतपणे परत आलं तर आजचं काम झालं.

रस्त्याचं वेगळं सांगतो. ऊसतोडीचा हंगाम चालू असताना, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, कराड, वाळवा, पलूस भागात पहाटेचा डांबरी रस्ता घोड्यासाठी नाहीच. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, वर गाण्यांचा डेक लावलेला, मागची ट्रॉली झुलतेय, मागं लाईट नाही. बैलगाड्यांना तर दिवाच नसतोय. रस्त्यावर ऊस आणि वाडं सांडलेलं, घोडं खायला तोंड घालतंय आणि नाल लावलेला पाय त्यावरनं सटकतोय. रस्ता ओलांडायचाच असेल तर सरळ तुकड्यावर, वळणावर नाही, आणि हातानं न्या. समोरनं गाडी आली तर कडेला जागा बघून थांबा, घोड्याला गाडी दिसेल असं उभं करा पण हेडलाईटच्या झोतात तोंड धरू नका. तुम्ही एक डोळा मिटून ठेवा, गाडी गेल्यावर तो डोळा उघडला की निदान एका डोळ्यानं अंधार दिसतोय. घोड्याला असा उपाय नाही, म्हणून गाडी गेली की लगेच चालू लागायचं नाही. दोन-तीन मिनिटं उभं राहायचं, त्यानं मान हलवून इकडंतिकडं बघायला सुरुवात केली की चलायचं.

कराड, पाटण, शिराळा तालुक्यांत उसात बिबट्या आहे, ही काय ऐकीव गोष्ट राहिली नाही. तिथं उसाच्या कडेनं रात्री एकट्यानं जाऊच नका, शिंगरू बरोबर असेल तर अजिबात नाही. घोडं एकाएकी खांबासारखं उभं राहिलं, कान एका जागी रोखले, नाकपुड्या फुगवून जोरात फुरफुरलं आणि पुढं पाऊल टाकेना तर त्याच्याशी वाद घालू नका. मोठ्यानं बोलत, बॅटरी आता खुशाल लावून, चालत मागं फिरा. पळवायचं नाही, पळणाऱ्याच्या मागं लागणं हा बिबट्याचा स्वभाव आहे.

एकट्यापेक्षा जोडीनं जा. शांत, जुनं घोडं पुढं, नवीन मागं, मध्ये दीड-दोन घोड्यांचं अंतर, कारण अंधारात मागच्याला अंतर कळत नाही आणि लाथ बसते. धनगरांची भीमथडी घोडी मिळाली तर पुढं तीच ठेवा. मराठ्यांच्या घोडदळातली ही जात, आता देशी जात म्हणून तिची अधिकृत नोंदही झालीय. फलटण-माणचे धनगर मेंढरांचा वाडा घेऊन कोकणात उतरतात तेव्हा अख्खा संसार या घोड्यांच्या पाठीवर असतोय. उघड्यावर वाढलेली, घाटवाटांची सवय असलेली ही घोडी जमिनीकडं बघून चालतात, मारवाडी जातीच्या घोड्यांसारखी मान वर करून नाही. दिसायला लहान, पण अंधारात वाट दाखवायला माझी पसंती यांनाच. निघताना घरच्यांना वॉट्सॲपवर लाईव्ह लोकेशन पाठवा, मोबाईल सायलेंट करा आणि स्क्रीनचा उजेड कमी करून ठेवा.

वरातीचं घोडं ठेवणाऱ्यांसाठी थोडं. एलईडीच्या भिंती, शार्पी लाईटचे झोत, फटाके, मोबाईलचे फ्लॅश, यात दोन-तीन तास उभं राहिलेल्या घोड्याला तिथनं थेट अंधाऱ्या रस्त्यानं गावाकडं न्यायचं ही पद्धत मोडून काढा. त्याचे डोळे तेव्हा अंधारासाठी मुळीच तयार नसतात, कान बधिर झालेले असतात, आणि नेमकं तेव्हाच पोरं हौसेनं वर बसून पळवत नेतात. वरात संपली की सजावट उतरवा, लाईटपासनं लांब नेऊन अर्धा-पाऊण तास अंधारात उभं करा, थोडं पाणी, थोडी वैरण, आणि मग हातानं चालवत किंवा टेम्पोतनं.

पहाटेच्या कामाचा खाण्याशी आणि झोपेशी संबंध आहे. चंदी खाऊन लगेच खोगीर नको, हरभरा-भरडा दिला तर निदान दीड-दोन तास जाऊ द्या, पहाटे एवढ्या लवकर उठणं होत नसेल तर चंदी परत आल्यावर द्या. पण एकदम रिकाम्या पोटीही नको, निघायच्या आधी थोडा कडबा किंवा गवत टाका, पोटातलं आम्ल उसळत नाही. परत येताना शेवटचा किलोमीटरभर उतरून चालवा. आल्यावर डाव्या कोपराच्या मागं हात ठेवून ठोके मोजा. विश्रांतीत मोठ्या घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात, आणि लांब पल्ल्याच्या स्पर्धांत थांब्यावर ते ६४ च्या आत यावे लागतात, तुमच्या घोड्याचे अर्ध्या तासात तेवढे उतरत नसतील तर काम जास्त झालंय. थंडीच्या दिवसांत घाम पुसून झूल टाका. आणि आता दिवा लावा, पायांवरनं हात फिरवा, चारी खूर उचलून साफ करा. अंधारात बसलेला काटा, तारेचा ओरखडा, सैल झालेला नाल हे तेव्हाच सापडतंय, दुसऱ्या दिवशी सूज आल्यावर नाही.

घोडं दिवसभरात जेमतेम तीन-चार तास झोपतंय, बरंचसं उभ्यानंच, पण गाढ झोप त्याला आडवं पडल्याशिवाय लागत नाही आणि ती मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंतच्या वेळेत जास्त असते. नेमक्या त्याच वेळी तुम्ही रोज उठवायला गेलात तर ती अर्ध्या तासाची झोप मोडते. असं बरेच दिवस झालं की घोडं उभ्या उभ्या पेंगतंय, पुढचे गुडघे एकदम दुमडतात आणि पुढच्या पायांच्या घोट्यांवर समोरच्या बाजूला केस गेलेले, खरचटलेले डाग दिसायला लागतात. लोक समजतात ठेचकाळलंय. असे डाग दिसले तर आठवडाभर पहाटेचं काम बंद करा, घोड्याच्या अंगाखाली कोरडा जाड भुसा टाका, आडवं पडायला पुरेशी जागा आहे का बघा आणि अगाडी-पिछाडी बांधत असाल तर रात्री पिछाडी सोडा. एरवीही आठवड्यातनं दोन-तीनच पहाटा घ्या, बाकीचे दिवस उन्हं कलल्यावर.